काळ्यातलं काळं

"हा जरा दाराशी, उजेडात नेता येईल का?"

अण्णांनी असं विचारलं तेव्हा शगुफ्ता मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. सावेडीतल्या त्या टीव्हीच्या मोठ्या दुकानात त्या किती वर्षं होत्या कोण जाणे, पण हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला असणार. समोर भिंतीवर दिवाणाएवढा टीव्ही. आणि माझे वडील पांढरी टोपी, लेंगा, सदरा अशा थाटात, हात मागे बांधून, तो टीव्ही उचलून दाराशी आणा म्हणत होते.

"काका, तो भिंतीला बसवलाय," त्या म्हणाल्या.

"मग काढा की. एवढी मोठी वस्तू काय दुकानातल्या दिव्याखाली बघून घ्यायची? दुकानातला दिवा दुकानदाराच्या बाजूचा असतो पोरी. मला नको सांगू, मी पण दुकानदारच आहे."

"अण्णा, ही साडी नाहीये," मी हळूच म्हणाले.

"रंग आहे ना त्याच्यात? मग झालं तर."

अण्णांचं, म्हणजे दत्तात्रय कनोऱ्यांचं, नगरच्या कापडबाजारात साड्यांचं दुकान. तेही गादीचं. काउंटर नाही, खुर्च्या नाहीत. पांढरी चादर घातलेली गादी, तिच्यावर मांडी घालून विकणारा आणि समोर मांडी घालून घेणारा. साडी पसंत पडली की अण्णा ती स्वतः उचलायचे, गिऱ्हाइकाला घेऊन दाराच्या पायरीवर यायचे आणि म्हणायचे, "आता उजेडात बघा, मग हो म्हणा." पायरीवर आल्यावर कितीतरी बायकांचं मन फिरायचं आणि जमलेला सौदा मोडायचा. अण्णांना त्याचं काही नसे. कनोऱ्यांकडून नेलेला रंग घरी गेल्यावर बदलत नाही, एवढं लोकांनी म्हटलं की त्यांचं पोट भरायचं.

शगुफ्ता मॅडमना वाटत होतं आम्ही टीव्ही घ्यायला आलोय. खरं तर आम्ही माझ्या भावाचं काय करायचं ते ठरवायला आलो होतो.

निरंजन, आमचा निरू, माझ्यापेक्षा बराच लहान. शिकायला म्हणून पुण्याला गेला आणि तिथून कॅमेऱ्याच्या नादानं मुंबईला. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आणि शेवटी एक अख्खा सिनेमा त्याच्या एकट्याच्या कॅमेऱ्यावर झाला. अण्णांच्या लेखी या सगळ्याला एकच नाव होतं, फोटो काढणं. "गादी रिकामी टाकून लोकांचे फोटो काढत हिंडतोय," असं ते येईल त्याला सांगायचे. आता गादी काही रिकामी नव्हती. रोज जेवण आटोपलं की मी सासरहून दुकानात येत होते ते दुकान बंद होईपर्यंत तिथेच असायचे. पण त्याला घरात म्हणायचे, हेमा मदतीला येते. मीही तसंच म्हणायचे.

त्या दिवाळीत दोघांची जुंपली. निरू एरवी गप्प बसणारा, पण त्या दिवशी ताडकन उठला आणि म्हणाला, "अण्णा, माझा सिनेमा येतोय. एकदा नीट बघा. बघून तुम्ही म्हणालात की यात काही नाही, तर कॅमेरा ठेवतो आणि गादीवर येऊन बसतो. शब्द देतो."

"दिला?"

"दिला."

मी दोघांच्या मध्ये चकल्यांचं ताट धरून उभी होते. दोघंही एकाच मातीचे, दिलेला शब्द मोडण्यापेक्षा हात मोडून घेतील. मला तिथल्या तिथे दोघांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

सिनेमा आला. थिएटरात नाही, मोबाइलवर आणि टीव्हीवर बघतात तसा. अण्णांनी सगळी भावकी बोलावली. आईनं गुडघे धरत धरत चिवडा केला. आमचा जुना टीव्ही कपाटावरून काढून मध्ये स्टुलावर मांडला, आणि सगळे बघायला बसले. पण बघायला होतं काय? एक म्हातारी आपलं घर कायमचं सोडून मुलीकडे निघालीय, आणि पहाटेच्या अंधारात सगळी आवराआवर करतेय, असा तो सिनेमा. पडद्यावर नुसता काळा गिलावा. त्यातून ट्रंकेची कडी वाजायची, बांगड्या वाजायच्या, म्हातारी खोकायची, आणि दिसायचं काहीच नाही.

"रेडिओ लावलाय काय?" आमचे हे म्हणाले. नवऱ्याला बायकोच्या माहेरी बोलायला एवढंच सुचायचं होतं.

"दत्तू, पोरानं लाइटबिल मात्र वाचवलं हां!" चुलतकाका म्हणाले, आणि घर हसलं.

अण्णाही हसले. सगळे गेल्यावर मात्र न जेवता हात धुऊन आले आणि निरूला फोन लावला. "तुमच्याकडं दिवे नव्हते का रे?"

"अण्णा, आपल्या टीव्हीत ते दिसणारच नाही."

"म्हणजे दोष टीव्हीचा."

"हो."

"काल क्रिकेट दिसलं. सकाळी बातम्या दिसल्या. तुझंच तेवढं दिसंना होय? बरं. शब्द आठवतोय ना?"

मग निरू म्हणाला, "येतो अण्णा. महिनाअखेरीला येतो."

त्यानं भांडायला हवं होतं. भांडला असता तर मला एवढं लागलं नसतं. त्याला दुसऱ्या सिनेमाचं बोलावणं आलं होतं, आणि हा गडी तिकडे नाही म्हणून सांगायला निघाला होता. मी अण्णांशी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. म्हटलं, परक्या बाईला तुम्ही साडी दारापर्यंत नेऊन दाखवता, पोराचं काम तेवढं कोपऱ्यात बसून बघितलंत आणि निकाल देऊन मोकळे झालात. एकदा चांगल्या टीव्हीवर बघा, मग बोलवा त्याला. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानात टोपी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चल. पण आधी त्या टीव्हीची परीक्षा मी घेणार."

ती परीक्षा ही अशी दाराच्या उजेडापासून सुरू झाली होती.

शगुफ्ता मॅडमनी वाद घातला नाही. त्या नुसत्या गेल्या आणि दर्शनी काचेवरचा मोठा पडदा सर्रकन बाजूला ओढला. दुपारचं ऊन थेट टीव्हीवर आलं.

"घ्या काका, तो दाराशी येत नाही तर दारच त्याच्याकडं आणलं."

अण्णा पुढे झाले. पडद्यावर कसली तरी फुलं चालू होती, पण फुलांच्या आधी दिसत होती ती अण्णांची टोपी, तिच्या मागे मी, आणि माझ्या मागे रस्त्यावरून जाणारी रिक्षा.

"यात तर मीच दिसतोय."

"हो ना. साडीवर उजेड बाहेरून पडतो, म्हणून ती बाहेर न्यायची. ह्याचा उजेड ह्याच्या आतला. बाहेरचा पडला की हा बिचारा फिका होतो. ह्याला अंधारात बघायचं."

अण्णांनी मॅडमकडे नीट बघितलं. बाजारात ठोक व्यापाऱ्याकडे बघायचे तसं.

"म्हणजे सगळं उलटं."

"उलटं."

"बरं. मग उलटं बघू."

मॅडम आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंती काळसर करड्या, समोर सोफा, आणि सोफ्यासमोर दोन टीव्ही शेजारी शेजारी. डावीकडे साधा, उजवीकडे तो भारीतला, ओएलईडी म्हणतात तो, बाहेर होता त्याचाच जोडीदार. त्याची किंमत मी आधीच विचारून घेतली होती आणि अण्णांना सांगितली नव्हती. मॅडमनी रिमोट दाबला आणि माझं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. स्ट्रॉबेऱ्या, पाण्याचे थेंब, आरशांचे घागरे घालून नाचणाऱ्या बायका. प्रत्येक आरशाचा कवडसा वेगळा. एका पोपटाच्या मानेवरचं पीस न् पीस मोजता आलं असतं. हात लावला तर ओला होईल असं वाटावं इतकं ते पाणी खरं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, जिंकलो.

अण्णा म्हणाले, "ही स्ट्रॉबेरी खायची का नेसायची?"

"काय काका?"

"अगं, एवढा लाल रंग देवानं कुठल्या फळाला दिलाय? हे सगळं पावडर-कुंकू करून बसवलंय. आम्हीही गादीवर पिवळा दिवा लावतो, आबोली साडी खुलते त्याच्यात. कळतं मला. याला आधी तोंड धुवायला लाव."

शगुफ्ता मॅडम खळखळून हसल्या. "काका, हा शोरूमचा मोड आहे. लोक लांबून बघतात ना, त्यांना भुलवायला. थांबा, सिनेमाचा लावते."

त्यांनी काहीतरी बदललं आणि सगळं चित्र एकदम मळल्यासारखं झालं. पिवळट, मंद. मला वाटलं, बिघडलं. तेवढ्यात एका कोळ्याचा चेहरा आला, म्हातारा, उन्हात रापलेला, आणि अण्णा सोफ्यावर पुढे सरकले.

"हां. आता माणूस दिसला."

"खरंच? या मोडवर आणलं की बहुतेक लोक म्हणतात पिवळं दिसतं, परत करा."

"पिवळं नाही. आधी नीळ जास्त झाली होती. नीळ जास्त झालेलं धोतर शेजारी वाळत घातलं की चांगलं धोतर पिवळं वाटतं. दोन मिनिटं डोळ्याला सवय होऊ दे." मग माझ्याकडे वळून, "हेमा, बघ, याच्या कपाळावर आणि गालावर एकच रंग नाहीये. गाल तांबूस आहे."

मी बघितलं, आणि होता. दोन मिनिटांत तो चेहरा इतका जिवंत झाला की त्यानं मान वळवली तेव्हा मी उगाच नजर चुकवली.

मग अण्णा उठले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. जरीचा पदर ते असाच बघतात, समोरून एकदा आणि कडेनं एकदा. कडेनं बघितल्यावर डावीकडचा साधा टीव्ही पार विटून गेला, कोळ्याच्या तोंडावर कुणी पीठ टाकल्यासारखं. उजवीकडचा जागचा हलला नाही. अण्णा दुसऱ्या भिंतीला गेले, तिथूनही तेच.

"हूं," ते म्हणाले.

अण्णांचं 'हूं' बाजारात नावाजलेलं होतं. येवल्याचे विणकर त्या एका 'हूं'साठी चहा थंड होऊ द्यायचे. शगुफ्ता मॅडमना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण त्यांनी तो बरोबर ओळखला. त्यांनी उठून खोलीचे दिवे बंद केले.

"आता दोन्हीवर काळं लावते, काका. नुसतं काळं."

डावीकडचा टीव्ही काळा झाला. म्हणजे मला तो काळाच वाटला असता, उजवीकडचा शेजारी नसता तर. उजवीकडचा दिसेनासाच झाला. त्याची चौकट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. डावीकडे काळ्याच्या नावाखाली चुलीतली राख पसरलेली होती.

"हा बंद पडला तुझा," अण्णा म्हणाले.

"चालू आहे. काळं दाखवतोय."

"मग उजेड कुठाय?"

"नाहीच. ह्याच्यात लाखो ठिपके आहेत, आणि प्रत्येक ठिपक्याचा दिवा त्याचा त्याचा. जिथं काळं हवं तिथला दिवा तो विझवून टाकतो. शेजारच्याला मागून मोठा उजेड असतो आणि पुढं झडपा. कितीही मिटल्या तरी फटीतून उजेड झिरपतोच."

अंधारात अण्णांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांचा आवाज आला, "छान गं. फार छान." आणि जरा थांबून, "पण काळं काळं दिसलं म्हणजे झालं का? नुसतं काळं कुणीही फासेल. काळ्यातलं काळं दिसतं का यात?"

"हेच विचारायला पाहिजे काका. कुणी विचारत नाही," शगुफ्ता मॅडम म्हणाल्या. "काही टीव्ही काळं काळं करता करता आतलं सगळंच गिळून टाकतात. तुमच्याकडं बघण्यासारखं काही आहे?"

मी मोबाइल काढून निरूचा सिनेमा शोधला, आणि मॅडमनी मोबाइल उजवीकडच्या टीव्हीला जोडला. अण्णांनी परत सोफ्यावर बसून टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कुठून लावू?" मी विचारलं.

"ट्रंकेपासून लाव. जिथं सगळे हसले."

मी लावलं.

आधी काळंच. कडी वाजली, बांगड्या वाजल्या. इतक्या भारी टीव्हीवरही तोच रेडिओ! मग कुठेतरी, पडद्याच्या मधोमध, काळं जरासं कमी काळं झालं. उजेड आला असं नाही म्हणता येणार. ट्रंकेची कड आधी उमटली, गंजलेली, खवल्याखवल्यांची. मग म्हाताऱ्या हाताच्या शिरा. हिरव्या बांगडीवर कणभर हिरवं. म्हातारी होती, सगळीच्या सगळी, आमच्या घरात भावकीनं चिवडा खात बघितली तेव्हाही ती तिथंच बसलेली होती, आणि आम्ही म्हणत होतो दिसत नाही. तिचे केस काळे-पांढरे. मागची भिंत धुरानं काळी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही काळंच, पण हलत होतं. मी इतकं सुंदर काही तोवर बघितलं नव्हतं. माझा भाऊ हे करत होता आणि मला ठाऊक नव्हतं, याचं मला रडू यायला लागलं.

म्हातारीनं ट्रंकेतनं एक साडी काढली. काळी चंद्रकळा. संक्रांतीला नेसतात ती, सबंध काळी आणि काळ्याच धाग्याच्या बुट्ट्या. तिनं ती मांडीवर उलगडली. दाराच्या फटीतून पहाटेची एक बारीक तिरीप आली होती ती साडीवर आडवी घसरली, आणि एकेक करून बुट्ट्या वर आल्या. काळ्या अंधारात काळी साडी, काळ्या साडीत काळी बुट्टी, आणि तीनही काळे वेगळे.

"थांबव," अण्णा म्हणाले.

मी थांबवलं. अण्णा उठले, टोपी खाली पडली ती त्यांना कळली नाही. ते टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांच्या नाकावर त्या साडीचा उजेड पडला. बोट त्यांनी पडद्याला लावलं नाही, बुट्टीवरून नुसतं हवेत फिरवलं.

"ट्यूब बंद केली त्यानं," ते म्हणाले.

शगुफ्ता मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं.

संक्रांतीच्या आधी दुकानात काळ्या साड्यांचा ढीग पडायचा. काळी साडी विकणं सगळ्यात अवघड. गादीवर दहा पसरा, गिऱ्हाईक म्हणतं, सगळ्या सारख्याच. बाकीचे दुकानदार जास्तीचे दिवे लावायचे, आणि मग तर ती आणखीच सपाट दिसायची. अण्णा उलट करायचे. गादीवरची ट्यूब बंद करायला लावायचे, साडी हातावर तिरकी धरायचे, आणि दारातून येईल तेवढाच उजेड तिच्यावरनं आडवा जाऊ द्यायचे. मग पोत दिसायचा, बुट्टी उठायची, आणि बाई हात पुढे करायची. आणि ती ट्यूब बंद करायला बटणांच्या पाटीखाली स्टुलावर उभा असायचा तो निरू. शाळेतून आला की दप्तर टाकून सगळी संक्रांत तिथं. अण्णा नुसतं "ट्यूब!" म्हणायचे आणि हा खट्कन बंद करून टाचा वर करून बघत राहायचा, की आता साडीचं काय होतंय. आम्हाला वाटायचं पोरगं कंटाळलंय.

अण्णांनी त्याला विचारलं होतं, दिवे नव्हते का रे तुमच्याकडं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना तेच आठवत असणार, कारण ते परत म्हणाले, या वेळी जवळजवळ स्वतःशीच, "मी एवढं बोललो त्याला. पोरानं ट्यूब बंद केली होती."

शगुफ्ता मॅडम अंधारात कधी उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. त्या साडीकडेच बघत होत्या. "रोज शंभर व्हिडिओ बघते मी ह्याच्यावर," त्या म्हणाल्या. "कंपनीचे येतात, करोडो खर्चून केलेले. पण असं नाही बघितलं. कुणी काढलंय हे?"

वर्षानुवर्षं अण्णा निरूचा विषय निघाला की "हिचा भाऊ" म्हणायचे आणि माझ्याकडे बोट करायचे. मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

"माझ्या मुलानं," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मला पुढचं लावायला सांगितलं, म्हातारी साडीची घडी घालून ती ट्रंकेत ठेवेपर्यंत बघितलं, आणि माझ्याकडे हात पुढे केला. "फोन लाव त्याला. मोठ्यानं बोलायचं लाव, मला कानाशी धरून ऐकू येत नाही."

दोन-तीन रिंग झाल्या. निरूनं उचलला आणि त्याचा आवाज ऐकूनच कळलं की तो महिनाअखेरीच्या तयारीत आहे. "हां ताई."

"मी बोलतोय," अण्णा म्हणाले. "ती बाई कुठली रे?"

"कुठली बाई?"

"तुझी म्हातारी. सिनेमातली. साडीची घडी घालते की टॉवेलची? काठाला काठ लावला नाही तिनं. आपल्याकडची बाई घर सोडून चालली असली, रडत असली, तरी काठाला काठ लावल्याशिवाय चंद्रकळा ट्रंकेत ठेवणार नाही. आणि पदर आत गेलाय. पदराला उजवीकडं खालच्या कोपऱ्यात रफू केलंय, ते मात्र बरोबर दाखवलंस. कुणी केलं रफू? चांगला हात आहे."

पलीकडे एखाद्या गाडीचा हॉर्न तेवढा वाजला.

"ऐकतोयस का?"

"अण्णा," निरू म्हणाला, "तुम्हाला रफू दिसलं?"

"न दिसता बोलतोय का मी?"

"ते कुणालाच दिसलं नाही, अण्णा. डायरेक्टरलाही नाही. मी एकट्यानंच ते दिसेल असा उजेड ठेवला होता..." मी तोंडावर पदर दाबून उभी होते, आणि शगुफ्ता मॅडमनी माझ्या हातात दुकानातलं टीव्ही पुसायचं मऊ फडकं दिलं, डोळे पुसायला.

जरा वेळानं निरू म्हणाला, "अण्णा, मी तिकीट काढलंय. शब्द दिलाय तुम्हाला, येतो मी."

"आईला भेटायला ये. चार दिवस राहा, जा."

"आणि गादी?"

"गादीला काय झालंय? हेमा बसते की गादीवर. किती वर्षं बसतेय. माझ्यापेक्षा चांगलं विकते ती आता. का तुला तेही दिसत नाही?"

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जणू हे जगाला कधीपासूनचं माहीत आहे आणि निरूच एकटा मागे राहिलाय. मला हसावं की भांडावं कळेना. मी ते फडकं परत डोळ्यांना लावलं.

"आणि हे बघ," अण्णा खाली वाकून टोपी चाचपत म्हणाले, "पुढच्या वेळी कुणा बाईच्या हातात साडी द्यायची असली तर आधी मला फोन करत जा. घडी कशी घालायची ते मी सांगेन. उगाच लोकात हसं नको."

"पुढच्या वेळी?" निरूनं विचारलं.

"पुढच्या वेळी म्हटलं ना मी? आता कानही गेले का तुझे?"